आत ओढलेला हो

तो हो इल्वा लुंडमार्कच्या तोंडून कसा निघाला ते तिचं तिलाच कळलं नाही. खरं तर निघाला म्हणणंही चूक. तो आत गेला. ओठ जरासे पुढे आले, त्यांच्या फटीतून हवा झर्रकन आत ओढली गेली, बशीतला कढत चहा भुरकताना होतो तसा आवाज झाला, आणि टेबलाभोवतीची माणसं काही विशेष न घडल्यासारखी आपापले कागद आवरायला लागली. तिच्या गावाकडे, पार वर उत्तरेला, हो असाच म्हणतात. शब्दबिब्द काही नाही. थंडीत तोंड उघडायला नको म्हणून ही पद्धत पडली, असं स्टॉकहोमची माणसं हसत सांगतात. गावच्या माणसांना विचारावं, काय हो, थंडीमुळेच ना, तर तीही नुसता श्वास आत ओढतात. इल्वा एकोणिसाव्या वर्षी शिकायला खाली स्टॉकहोमात आली तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "अगं, तुला दमा आहे का? मघापासून बघतेय, मी काही विचारलं की तुला धाप लागते." इल्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रोज सकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून ती हो म्हणायला शिकली. तोंड उघडून, आवाज बाहेर सोडून, चारचौघं म्हणतात तसा. पुढे लग्नात पाद्र्यासमोर तिनं तो इतका खणखणीत म्हटला की चर्चबाहेर आल्यावर बाबा तिच्या कानाशी पुटपुटले, "केवढ्यानं ओरडलीस गं. तो काय बहिरा होता?" लग्न पुढे टिकलं नाही ते सोडा, तो हो मात्र टिकला. गेली तीस-बत्तीस वर्षं ती बाहेर सोडलेल्या होवरच जगत होती. जुना पार गेला असं तिनं धरूनच चाललं होतं.

आणि तो आज परत यावा! तोही असा नेमक्या क्षणी, देशाच्या वतीनं हो म्हणायचं असताना. इल्वाला आधी हसू फुटलं, मग अंगावर शहारा आला, आणि मग पोटातून आनंदाच्या अशा उकळ्या फुटायला लागल्या की टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून बसावं लागलं. कारण काम झालं होतं. चार वर्षं जे डोक्यावर घेऊन ती दारोदार फिरली ते काम. बाहेरच्या उद्योगाला आपल्या देशात यावंसं वाटलं पाहिजे, याला मंत्रालयाच्या भाषेत देशाची स्पर्धाक्षमता वाढवणं म्हणतात, आणि इल्वाचा साहेब मोन्स रीडेल हा शब्द इतक्या वेळा उच्चारतो की झोपेत त्याच्या बायकोलाही तो ऐकावा लागत असणार. साहेब आपलं म्हणायचं. इथं शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. मोन्सच्या खोलीत भिंतीवर जगातल्या देशांची यादी टांगलेली आहे, धंदा करायला कुठला देश किती सोयीचा याची. त्यात डेन्मार्क पुढे गेला की मोन्स जेवत नाही आणि फिनलंड पुढे गेला की बोलत नाही. इल्वाला त्या यादीशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: टेबल. एखाद्याला कारखाना काढायचा असला की त्याचा कागद आधी पाण्यावाल्यांकडे जाई, त्यांचं झालं की जंगलवाल्यांकडे, मग जुन्या वास्तूवाल्यांकडे, मग रेनडिअर पाळणाऱ्यांकडे, आणि तोवर पाण्यावाल्यांचा माणूस बदललेला असे म्हणून पुन्हा पहिल्या दाराशी. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर होता. सगळे मिळून मात्र उत्तर म्हणून देत नव्हते. इल्वाचं म्हणणं साधं होतं. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा, कळपवाल्यांनाही, हवं तर त्यांना नाही म्हणू द्या, पण ठरल्या तारखेच्या आत काय ते म्हणा. असं होत नसतं, हे तिला इतक्या जणांनी समजावलं की तिनं समजून घेणंच सोडून दिलं. आणि गेल्या हिवाळ्यात त्याचा कायदा झाला.

त्या टेबलाशी पहिल्यांदा कुणी बाहेरचं येऊन बसलं ते आज. रोझाल्बा लोरुस्सो, इटलीची, साठीची, बुटकी, बोटात भली मोठी अंगठी. लाकडापासून कापडाचा धागा काढणारा हिचा कारखाना. हिला जंगल हवं होतं, नदी हवी होती आणि भरवशाची वीज हवी होती. दोन जागा तिला पसंत पडल्या होत्या. एक इल्वाच्या गावच्या नदीच्या मुखाशी, गावापासून गाडीनं पाऊण तासावर; आणि दुसरी समोर, खाडीपल्याड, फिनलंडात. पाणी तेच, लाकूड तेच, डासही तेच. सकाळभर सगळे इंग्रजीत बोलत होते, म्हणजे सगळ्यांनाच सारखी परकी असलेल्या भाषेत. मधे कॉफी झाली. वेलदोड्याचे बन होते. मोन्सनं स्वतः उठून बाईपुढे ताटली धरली, "आणखी एक घ्या की!" त्यावर बाईनं हनुवटी जराशी वर उचलली आणि जीभ टाळूला लावून आवाज केला: च्. मोन्सला ती चव घेतल्याची दाद वाटली. त्यानं खुशीत तिच्या बशीत दुसरा बन ठेवला. इल्वाला वाटलं, बाई कशानं तरी वैतागलीय. मग बाईनं चष्मा काढला, पुसला, आणि सरळ इल्वाकडे बघून म्हणाली, "हे बघा, मला हो नकोय."

मोन्सचा चेहरा पडला.

"आमच्याकडे माझा एक अर्ज पडून आहे," बाई पुढे म्हणाली. "ज्या मुलीनं तो खिडकीवर घेतला, तिचं लग्न झालं, मला बोलावणं होतं. मग तिच्या मुलाचं नाव ठेवलं, तेव्हाही मी गेले. आता ती निवृत्त व्हायला आलीय. अर्ज आहे तिथंच आहे. मला कुणी नाही म्हणालं असतं तर मी त्याच दिवशी दुसरीकडे गेले असते, आणि त्या माणसाचे हात हातात घेऊन आभार मानले असते. म्हणून विचारते. मला हो नकोय, मला उत्तर हवंय. पुढच्या सप्टेंबरच्या आत. हो म्हणा, नाही म्हणा. मिळेल?" मोन्सनं घसा खाकरला, "म्हणजे तत्त्वतः बघायला गेलं तर..." बाईनं अंगठीचा हात वर केला. "यांना नाही विचारत मी. तुम्हांला विचारते. टेबल तुमचं आहे ना?"

तेव्हा इल्वाचा तो हो आत गेला होता. त्याला आता फार तर दहापाच मिनिटं झाली असतील. बाई एवढ्यात खाली उतरलीसुद्धा. स्टेशनवरून विमानतळाची गाडी धरून तिला संध्याकाळीच हेलसिंकी गाठायचं होतं. मोन्स तिला लिफ्टपर्यंत सोडून हात चोळत परत आला. "झकास! इल्वा, तू म्हणजे कमाल आहेस. मी आपलं तत्त्वतः तत्त्वतः करत बसलो, आणि तू सरळ हो म्हणून मोकळी झालीस. तेही असं गावरान!" त्यानं ओठांचा चंबू करून नक्कल करून दाखवली. कायद्याच्या बाजूनं बसलेली हेडविगही हसली. म्हणाली, "मला माझ्या आजोळची आठवण आली गं. ऐकलं आणि जीव भांड्यात पडला." सगळ्यांनी हो ऐकला होता. टेबलावरच्या झाडून सगळ्यांनी. मोन्सनं बाईच्या बशीतला अख्खा राहिलेला बन उचलला आणि तोंडात कोंबला. "बाईला दाद द्यायला येते, खायला येत नाही," तो भरल्या तोंडानं म्हणाला.

इल्वा खिडकीशी गेली. एप्रिलमधलं ते खुळं ऊन पाण्यावर नाचत होतं. बर्फाचे शेवटचे तुकडे किनाऱ्याला घासत होते, आणि खाली कचेऱ्यांतली माणसं भिंतींना पाठ लावून, डोळे मिटून, तोंडं वर करून उन्हात उभी होती, दर वर्षी या दिवसांत असतात तशी. ते ऊन पाहून तिला वाटलं, आपणही खाली जावं आणि कुणा अनोळखी माणसाला मिठी मारावी. होणार. नदीच्या मुखाशी कारखाना होणार, किंवा होणार नाही. पण वेळेत काय ते कळणार. कुणी वाट बघत म्हातारं होणार नाही. बाबांना फोन करावा, आत्ताच करावा, सांगावं की आज तुमच्यासारखा हो म्हणाले. तिनं फोन हातात घेतलासुद्धा. आणि तेव्हा तिला ते आठवलं. बाई निघताना तिच्यापाशी थांबली होती. खांद्यावर हात ठेवला होता, जड अंगठीचा, गरम. आणि हळूच म्हणाली होती, "तुमचा काही दोष नाही." उत्साहाच्या भरात इल्वाला ते काहीतरी गोड बोलल्यासारखं वाटलं होतं. आता ते वाक्य तिच्यापुढे येऊन उभं राहिलं. दोष? कसला दोष? हो म्हटल्यावर कुणी कुणाला तुमचा दोष नाही म्हणतं का?

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. हेमवात्नेटला, म्हणजे तिच्या गावी, घरच्या स्वयंपाकघरात, भट्टीजवळच्या बाकावर बसून तिनं ते आधी ऐकलं होतं. तेव्हा गावात लाकडाची गिरणी होती आणि बाबा तिथल्या मोठ्या करवतीवर होते. गिरणी एका जर्मन माणसानं विकत घेतली. ब्रिंकमान त्याचं नाव. तो एकदाच वर आला, बरोबर स्टॉकहोमहून आणलेला दुभाष्या घेऊन. गिरणीतल्या सगळ्या माणसांना त्यानं अंगणात उभं केलं आणि सांगितलं की पाळ्या बदलाव्या लागतील, यंत्रं नवी येतील, ती शिकून घ्यावी लागतील. तुमची तयारी आहे? असेल तर मी इथं पैसा घालतो, नसेल तर तसं सांगा. त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते वेगळेच. एरवी बूट काढून गप्प बसणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी आईला कमरेला धरून उचललं होतं. "झालं!" ते म्हणाले होते. "सगळ्यांनी हो म्हटलं. एकूण एक माणसानं. त्याला फार बरं वाटलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुमचा काही दोष नाही." "असं का म्हणाला?" आईनं विचारलं. "आता मला काय ठाऊक? जर्मन असंच म्हणत असतील." आईनं त्या दिवशी कॉफीत चीजचे तुकडे घातले, सणाला घालतात तसे, आणि बाबा कॉफी बशीत ओतून भुरकत नव्या यंत्रांबद्दल बोलत राहिले. उन्हाळा संपता संपता गिरणी उचलून दक्षिणेला नेली. पेपरात मालकाची मुलाखत आली होती. त्यात तो म्हणाला होता, माणसं भली होती, पण मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी नुसते खोल सुस्कारे टाकले, दुभाष्याला भाषांतर करायला एक शब्द मिळाला नाही. मन नसलेल्या माणसांवर मी कसा पैसा लावू? बाबांनी तो पेपर दोनदा वाचला, चौकोनी घडी केली आणि भट्टीत टाकला. गावात या गोष्टीची थट्टा होई, अजून होते. आम्ही हो म्हणालो आणि तो निघून गेला, असं म्हणून लोक पोट धरून हसतात. बाबा कधी हसले नाहीत. बोललेही नाहीत. त्यांची करवत ज्या जागी होती तिथं आता गवत आहे, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.

इल्वानं फोन खिशात टाकला. आणि गंमत म्हणजे तिची उमेद ओसरली नाही, उलट दुप्पट झाली, फक्त आता तिला पाय फुटले. आपण स्पर्धाक्षमतेवर चार वर्षं बोलतोय, तिला वाटलं, आणि तिचं मूळ हे आहे! हातातोंडाशी आलेला घास एका श्वासापायी जातो. ती वळली. "मोन्स, तिला कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"मी हो म्हणाले ते. तिला वाटलं मी दचकले. तिला वाटतंय की आपल्याला जमणार नाही, आणि ते बोलायची चोरी आहे म्हणून मी गप्प बसले. ती माझी कीव करून गेलीय!"

मोन्सनं हेडविगकडे पाहिलं, हेडविगनं मोन्सकडे. त्यांना आत्ता पहिल्यांदाच तो आवाज परक्या कानांनी ऐकू आला असावा. मग मोन्स सावरला. "बरं, घाबरू नकोस. उद्या एक छान ईमेल करू. आधी आपण सगळे बसू, कायदेवाल्यांचं मत घेऊ, वरच्या मजल्याला विचारू, शब्द नीट ठरवू..."

"सगळे बसेपर्यंत बाई फिनलंडात सौना घेत बसलेली असेल!"

"अगं पण एवढ्या मोठ्या बाईच्या मागे असं रस्त्यानं पळत जाणं बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?"

"लोक ऊन खातायत," इल्वा म्हणाली आणि निघाली.

लिफ्ट नेमकी वर गेलेली. ती जिन्यानं उतरली, आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की पायांत कचेरीत घालायच्या मऊ सपाता आहेत आणि बूट वर राहिलेत. हिवाळाभर निसरडं होऊ नये म्हणून टाकलेली बारीक खडी फुटपाथवर अजून तशीच होती. ती सपातांच्या तळातून टोचायला लागली. परत जायला वेळ नव्हता. ती धावत सुटली. बावन्न वर्षांची बाई, गळ्यात कचेरीची ओळखपट्टी उडतेय, पायांत सपाता. पुलावर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला. धावता धावता इल्वाला वाटत होतं की तिच्याबरोबर आणखी कुणी धावतंय, जड बूट घातलेलं, अंगाला लाकडाच्या भुशाचा वास असलेलं. बाबा त्या दिवशी जर्मनाच्या गाडीमागे धावले असते तर? धावायला त्यांना ठाऊकच कुठं होतं? त्यांना वाटलं होतं, झालं. घरी येऊन त्यांनी बशीत कॉफी ओतली होती. नुसतं कुणी बाबांना नावानं हाक मारून सांगायला हवं होतं, तुरे, अरे त्याला ऐकू गेलं नाही, जा, पळ. कुणी सांगितलं नाही, कारण ऐकणारे सगळे आपलेच होते. आपल्या माणसाला ऐकू गेलं की आपल्याला वाटतं जगाला ऐकू गेलं! यात एवढं आनंदून जाण्यासारखं काय होतं ते तिला सांगता आलं नसतं, पण ती आनंदली होती, छाती फुटेस्तोवर आनंदली होती, कारण गाडी अजून सुटली नव्हती, हे अजून दुरुस्त करता येत होतं, आणि दुरुस्त करायला करवत लागत नव्हती की यंत्र लागत नव्हतं, फक्त पोचायचं होतं. मग मधेच तिच्या मनात आलं, आणि ती नाही म्हणाली तर? पोचूनही नाहीच म्हणाली तर? म्हणू दे. तिनं नाही म्हणावं, पण आपला हो ऐकून म्हणावं. स्टेशनच्या दारात तिची डाव्या पायाची सपाता निघाली. तिनं ती हातात घेतली.

पिवळ्या गाडीची दारं उघडी होती. दुसऱ्याच डब्याच्या दाराशी रोझाल्बा लोरुस्सो सामान आत ढकलत होती. इल्वा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि बोलायला तोंड उघडलं, तर आता खरोखरीचीच धाप. श्वास आत, श्वास बाहेर, शब्द एक नाही. बाई घाबरली. "अहो, काय झालं? बसा आधी! पाणी आहे माझ्याकडे. आणि ही हातात चप्पल कशाला?"

"मघाशी," इल्वा कशीबशी म्हणाली, "मी... हो म्हणाले."

"कधी?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा."

"तुम्ही काही बोलला नाहीत." बाईच्या आवाजात एकदम सावधपणा आला. अशा धावत आलेल्या माणसांनी तिला पूर्वीही फसवलं असावं. "तुम्ही दचकलात. मी पाहिलं ना. मला वाटलं, ही बाई प्रामाणिक आहे, हिला खोटं बोलवेना. म्हणून तर मी पुढे काही विचारलं नाही."

"ते दचकणं नव्हतं. तो हो होता. आमच्या गावाकडे तो आत घेतात."

"हो आत घेतात?"

"आत घेतात."

"मग बाहेर काय सोडता?"

इल्वानं विचार केला. "फारसं काही नाही," ती म्हणाली.

बाई हसली, आधी नाकातून, मग सगळ्या अंगानं, अंगठीचा हात पोटावर ठेवून. मग एकदम थांबली आणि मघासारखंच सरळ बघत म्हणाली, "ठीक आहे. मी पुन्हा विचारते. पुढच्या सप्टेंबरच्या आत मला उत्तर मिळेल?"

इल्वाचे ओठ आपसूक पुढे यायला लागले. तो तिथंच होता, जुना, जिभेच्या टोकाशी, आणि तोच खरा होता हे तिला ठाऊक होतं. आरशातला हो कुणीही म्हणतं, मोन्स तर दिवसभर म्हणतो. गावात मात्र ज्यानं श्वास आत घेतला तो माणूस दिल्या वेळी हजर राहायचाच, मग बर्फ कंबरेइतकं असो. पण हा प्रश्न एकदा अंगणात विचारून झाला होता आणि त्या खऱ्या होनं गिरणी घालवली होती. तिनं छाती भरून हवा घेतली, आणि या वेळी ती सगळीच्या सगळी बाहेर सोडली.

"हो! मिळेल! नाही असलं तरी मिळेल! सप्टेंबरच्या आत!"

छताखालची कबुतरं उडाली. फलाटावरच्या माणसांनी फोनमधून माना वर केल्या, आणि स्टॉकहोमात हे सहसा होत नाही. गाडी सुटण्याची सूचना झाली. बाई पायरीवर चढली, वळली, काहीच बोलली नाही. इल्वाला राहवलं नाही. "मग आता?" तिनं विचारलं. "आता फिनलंडला जाणार?"

बाईनं भुवया उंचावल्या, हनुवटी जराशी वर उचलली, आणि जीभ टाळूला लावली.

"च्."

दार सरकून मिटलं. इल्वाला वाटलं, चिडली! एवढं ओरडायला नको होतं, मोन्स म्हणत होता तेच खरं, एवढ्या मोठ्या बाईला भर फलाटावर... गाडी हलली. काचेआड बाई तिच्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर चिडल्याचं नावनिशाण नव्हतं. इल्वाच्या डोळ्यांपुढे काय यावं, तर बशी. बशीतला बन. मोन्सनं आग्रहानं वाढलेला, बाईनं शेवटपर्यंत बोटसुद्धा न लावलेला. हनुवटी वर, च्. आणि बन तसाच. ती दाद नव्हती, वैतागही नव्हता. बाई मघाशी स्वच्छ नाही म्हणाली होती, तिच्या गावाकडे म्हणतात तसं, आणि टेबलावरच्या एकालाही ऐकू आलं नव्हतं. नको म्हणजे नको. फिनलंडला नाही म्हणजे नाही! इल्वा एका पायात सपाता आणि एक पाय अनवाणी अशी गाडीच्या बाजूनं थोडी धावली, दोन्ही हात हलवत. मग गाडी गेली. फरशी गार होती, आणि ते तिला आत्ता जाणवलं.

तिनं बाबांना फोन लावला. बाबा आता ऐंशीच्या वर आहेत. फोन खिडकीपाशीच असतो. खूप वेळानं त्यांनी उचलला. तिनं सगळं एका दमात सांगितलं. टेबल, बाई, पुन्हा विचारलेला प्रश्न, च्. ब्रिंकमानचं नाव तिनं घेतलं नाही. पलीकडे खुर्ची खिडकीकडे सरकवल्याचा आवाज आला. तिथं आत्ता त्या गवतावरचं बर्फ निघायला लागलं असेल.

"म्हणजे नदीवर होणार?" बाबांनी विचारलं.

"उत्तर मिळणार, बाबा. होईल किंवा नाही होणार. पण ती थांबणार आहे उत्तराला."

"हं." मग ते एकदम म्हणाले, जणू हे विचारायला ते किती वर्षं थांबले होते, "तू तिला हो म्हणालीस, ते मोठ्यानं म्हणालीस ना? ऐकू जाईल असं?"

इल्वा सांगायला गेली की कबुतरं उडाली, माणसांनी माना वर केल्या. पण ओठ पुढे आले, आणि हवा आत गेली. नेमकी त्याच वेळी शेजारच्या रुळावर दुसरी गाडी धडधडत शिरली. एवढ्या गोंगाटात एवढासा श्वास, तोही फोनवर, इतक्या लांब. तिनं फोन कानाशी घट्ट दाबला. पुन्हा म्हणायला हवं, मोठ्यानं म्हणायला हवं.

"आलं गं," बाबा म्हणाले. "आलं ऐकू."